दोन सूत मागे

"त्याला सांग, पुढचे पाय परवा मिळतील," मोठे भावजी फळीच्या पलीकडून म्हणाले.

फळीच्या अलीकडे आमचे हे रंधा मारत होते. मधली फळी अर्ध्या इंचाची, उंची जेमतेम पाच फूट. भावजींचं टक्कल मला इथून दिसत होतं आणि ह्यांचे कानही काही बहिरे नाहीत. तरी मी काचकागद खाली ठेवला, वळले आणि म्हणाले, "अहो, पुढचे पाय परवा मिळतील."

"त्याला सांग, मागचे मी उद्या कापायला घेतो."

"भावजी, मागचे हे उद्या कापायला घेतायत."

"अजून घेतले नाहीत? लवकर जाग आली म्हणायची."

हे काही मी पुढे पोचवलं नाही. माझ्याही तोंडाला विश्रांती लागते.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड. दोघे भाऊ सुतार आणि मी पॉलिशवाली. लग्न होऊन आले तेव्हा मला पॉलिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आता लाकडावरून नुसतं बोट फिरवून सांगते, रंधा कुणी मारलाय आणि मारताना कुणावर राग होता ते.

दोघांनी बावीस वर्षं एकत्र काम केलं. त्यात खुर्चीची वाटणी ठरलेली: पुढचे पाय आणि बैठक भावजींची, मागचे पाय आणि पाठ ह्यांची. असं जगात कुठे करतात का? कुठेच करत नाहीत. एक माणूस एक खुर्ची करतो, शहाण्यासारखी. पण लहानपणी दोघांनाही पूर्ण खुर्ची करायची असायची आणि लाकूड एकीपुरतंच असायचं. मारामाऱ्यांना कंटाळून सासऱ्यांनी खुर्ची मधोमध वाटून दिली, ती कायमचीच. सासरे गेले, वाटणी राहिली.

सासऱ्यांच्या मागे आणखी एक गोष्ट राहिली, ती म्हणजे त्यांची लाकडी घडीची पट्टी. ती थोरल्याकडे गेली. धाकट्याने तिला हात लावायचा नाही, हा नियम सासऱ्यांच्याच वेळचा. पट्टीच्या टोकाची पितळी टोपी त्याआधीच कधीतरी निघून पडली होती आणि तिच्याबरोबर दोन सूत लाकूडही गेलं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. त्यामुळे भावजींनी मापलेलं सगळं पाव इंच कमी भरायचं. ह्यांना ते पहिल्या खुर्चीलाच कळलं. ह्यांनी काय करावं? चकार शब्द न काढता आपले मागचे पायही दोन सूत कमी कापायला सुरुवात केली. खुर्ची सरळ उभी राहायची, गिऱ्हाईक खूश, भावजी खूश. हे मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, आणि आम्ही दोघं मूग गिळून गप्प.

तीन वर्षांपूर्वी एका घरात भिंतीत बसवायचं कपाट भावजींनी एकट्याने केलं, माप घरमालकीणबाईंनी टेपने घेऊन दिलेलं. बसवलं तर वर ही एवढी फट. घरमालकीणबाई बोलायला लागल्या तशी ह्यांच्या तोंडून निसटलं, "दादा, ती पट्टी फेकून दे आता. दोन सूत खोटी आहे ती."

 भावजींनी पट्टी मिटून खिशात घातली. "बाबांची पट्टी खोटी," एवढंच दोनदा म्हणाले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी शेडच्या मधोमध ती फळी उभी. तेव्हापासून भावाभावांत एक शब्द नाही, एकत्र केलेली एक खुर्ची नाही. जे काय असेल ते माझ्यामार्फत. टपालखात्यालाही रविवारची सुट्टी असते, मला नव्हती.

आणि मग खुंटी आली.

खुंटी म्हणजे भावजींची मुलगी, माझी पुतणी. लहानपणी एका जागी पाय रोवून उभी राहिली की चार माणसांना हलायची नाही, म्हणून खुंटी. आता तिशीला आलीय, पण नाव शोभतंच. सहा वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात कॉफी केल्यावर तिने स्वतःचं कॉफी शॉप काढायचं ठरवलं. कोपऱ्यावरची जुनी शिंप्याची जागा घेतली आणि एक दिवस हातात वही घेऊन शेडमध्ये उभी राहिली. नेमकी फळीच्या टोकाशी, म्हणजे दोन्हीकडे दिसेल अशी.

"कॉफी प्यायला दुकान कशाला?" भावजी म्हणाले. "लोकांच्या घरी कप नाहीत का?"

"कप आहेत, बाबा. बसायला जागा नाही," खुंटी म्हणाली. "तुम्ही कधी पाहिलंय का, माणूस एकटा दुकानात शिरतो, कुठे बसावं कळत नाही, मग फोन आल्याचं नाटक करतो आणि बाहेर पडतो. सहा वर्षं मी हे रोज बघितलंय. माझ्या दुकानात असं होता कामा नये."

तिने वही उघडली. दारातून सरळ दिसेल असं लांब टेबल, म्हणजे घुटमळायला नको. काउंटर छातीपेक्षा खाली, म्हणजे आत उभ्या माणसाचा चेहरा दिसेल. भिंतीला पाठ लावून बाक, एकट्याने येणाऱ्यांसाठी. टेबलांखाली पिशव्यांना आकडे. सगळे कोपरे गोल, म्हणजे कुणाच्या मांडीला लागणार नाहीत. मला तर ऐकूनच तिथे जाऊन बसावंसं वाटलं.

"काउंटर बाबांनी करायचं, लांब टेबल काकांनी," ती म्हणाली. "आणि चोवीस खुर्च्या दोघांनी. पूर्वीसारख्या."

रंध्याचा आवाज दोन्हीकडे एकदम थांबला.

"एकाने पूर्ण केल्या तर?" मी विचारलं. कुणीतरी विचारायला हवंच होतं.

"मग मी प्लास्टिकच्या आणते," खुंटी म्हणाली. "लाल रंगाच्या."

प्लास्टिक! आमच्या शेडमध्ये हा शब्द कुणी उच्चारत नाही. फळीच्या दोन्ही बाजूंनी एकदम खोकल्याचा आवाज आला. काम ठरलं.

पण त्याच दुपारी भावजी मला म्हणाले, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "ह्या खुर्च्या झाल्या की मी हत्यारं ठेवतो. माझी बाजू रिकामी करतो. तो टायरवाला गोडाऊन शोधतोय, त्याला देऊन टाकतो."

"काहीतरीच काय, भावजी!"

"काहीतरीच नाही. एकट्याने सुतारकाम करण्यात काय अर्थ आहे?"

हे मी ह्यांना सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. ह्यांच्या हातातली पटाशी खाली पडली होती. मला खरं सांगायचं तर त्या दिवशी रडू आलं. फळीपलीकडे टक्कल दिसत होतं तोवर कधी ना कधी काहीतरी होईल अशी आशा होती. टायरांशी काय बोलणार? आणि माझं पॉलिश सुकायचं कुठे, टायरांच्या वासात? रागाने मी त्या दिवशी एक स्टूल इतकं घासलं की त्याचा पाट झाला असता.

खुर्च्यांचं काम सुरू झालं, ते सुरुवातीला सांगितलेल्या त्या पायांच्या निरोपांनी. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मागचे पाय कापायला घेतले, तेव्हा माझं सहज लक्ष गेलं. पायावर पेन्सिलीच्या दोन रेघा. एक बरोबर मापावर आणि दुसरी तिच्या दोन सूत खाली. ही दुसरी रेघ मी बावीस वर्षं पाहिली होती आणि तीन वर्षं पाहिली नव्हती. हे खालच्या रेघेवर करवत लावून उभे.

"अहो," मी हळूच म्हणाले.

"गप बस. चोवीस खुर्च्या डुलायला नकोत."

मी गप बसले. पण आतून असं भरून आलं की विचारू नका. माझ्या नवऱ्याला 'चुकलो' हा शब्द उच्चारता येत नाही, जिभेला गाठ पडते. पण दोन सूत कापता येतात. अठ्ठेचाळीस पाय त्याने तसेच कापले, एकही सोडला नाही.

भावजींचं मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. मी निरोप घेऊन पलीकडे गेले की 'टक्' असा आवाज व्हायचा आणि हातातली काहीतरी चकचकीत वस्तू खिशात जायची. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी पकडलंच.

"भावजी! खिशात काय आहे?"

"कुठे काय?"

"तंबाखूची डबी आहे. डॉक्टरांनी काय सांगितलंय? परत सुरू केलीत ना?"

भावजी लालबुंद झाले. छताकडे बघितलं, भुशाकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. डबी आहे."

झालं! मी खुंटीला सांगितलं. खुंटीने बापाला असं झापलं की शेजारच्या गल्लीतले लोक बाहेर आले. रोज येऊन तोंडाचा वास घ्यायची. तो माणूस आठवडाभर निमूट बोलणी खात राहिला, पण खिशातला हात काही बाहेर काढला नाही. मला काय ठाऊक!

जुळवणी मी आणि खुंटीने केली. सरस लावायचा, जोड ठोकायचा, शिकंजे आवळायचे. शेडची जमीन खडबडीत, वर भुसा आणि कपच्यांचा थर, त्यामुळे तिथे खुर्ची कशी उभी राहते हे कुणाला कळणार? मी पॉलिश केलं, पाच हात. चोवीस खुर्च्या अशा दिसत होत्या की त्यांना दृष्ट लागू नये म्हणून मीच जास्त बघत नव्हते.

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळं सामान तिकडे नेलं. दोघे भाऊही आले. एक काउंटरच्या ह्या टोकाला उभा, एक त्या टोकाला. मध्ये मी, सवयीने. पण जागा काय झाली होती! शिंप्याच्या काळात तिथे दिवसाही दिवा लागायचा. आता खिडकीतून ऊन आत येऊन लांब टेबलावर पसरलं होतं. फरशी नवी, अशी सपाट की टाइलवाल्याच्या पाया पडावं.

वायरमन तेवढा अजून दिवे लावत होता. हा माणूस म्हणजे दोन पायांची घाई. "मला अजून पाच ठिकाणी जायचंय," हे दर दोन मिनिटांनी सांगायचा. शेवटचा दिवा लावायच्या आधी स्क्रूची पुडी सोडायला म्हणून तो एका खुर्चीत बसला. पुडी मांडीवर, पाठ टेकलेली. आम्ही टेबलाचे आकडे लावून वर बघतो तर हा तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपलेला.

खुंटी हसायला लागली. भावजी हसले नाहीत.

"हा झोपला कसा?" ते म्हणाले. "आपल्या खुर्चीत माणूस ताठ बसतो. काहीतरी खोट आहे."

त्यांनी पिशवीतून पाणसळ काढली. काचेच्या नळीत बुडबुडा असतो ना, ती. बुडबुडा मधोमध आला की सपाट. ती त्यांनी शेजारच्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवली. बुडबुडा सरकत पुढे गेला. दुसऱ्या खुर्चीवर ठेवली, तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. चोवीसच्या चोवीस खुर्च्या मागे कललेल्या, वायरमनची धरून. त्याच्या मांडीखाली पाणसळ सरकवली तरी तो उठला नाही.  उद्या सकाळी दुकान उघडायचं आणि ही कथा!

भावजी माझ्याकडे वळले. "त्याला सांग, मागचे पाय दोन सूत कमी आहेत."

हे पांढरेफटक. "त्याला सांग, मला माहीत आहे. मुद्दाम कापलेत. त्याच्या पुढच्या पायांना धरून."

"त्याला सांग, माझे पुढचे पाय बरोबर आहेत."

"त्याला विचार, बाबांच्या पट्टीने मापलेले पाय बरोबर कसे असतील!"

हे बोलून गेले आणि ह्यांनी जीभ चावली. बरोबर तीन वर्षांपूर्वीसारखं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हा माणूस इथेही फळी ठोकतो.

पण ठोकाठोकीचा आवाज आला नाही. 'टक्' असा आवाज आला. डोळे उघडले तर भावजींनी खिशातून ती डबी बाहेर काढली होती. डबी कसली, स्टीलचा मोजायचा टेप होता, कोरा करकरीत.

"पट्टीने नाही मापले," ते म्हणाले.

 मी सवयीने तोंड उघडलं. "अहो, भावजी म्हणतायत—"

"ऐकलं मी," हे म्हणाले. आणि मग मला बाजूला सारून दोन पावलं पुढे गेले. "दादा, तू टेप घेतलास?"

"घेतला."

"कधी?"

"खुंटीने खुर्च्या सांगितल्या त्या दिवशी. तू खरं बोलला होतास. पट्टी खोटी होती. लोकांसमोर बोललास म्हणून राग आला, पण खोटी होती." भावजी टेप उघडत होते, मिटत होते. "म्हटलं, ह्या वेळी तुला जोडायला त्रास नको. पण तू दोन सूत कमी का कापलेस?"

"तुला त्रास नको म्हणून. मी नेहमीच तसे कापायचो."

"नेहमीच म्हणजे?"

"पहिल्या खुर्चीपासून."

"बावीस वर्षं?"

"बावीस."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"एकदा बोललो की," हे म्हणाले. "मग तू फळी ठोकलीस."

भावजी खाली बसले. म्हणजे खुर्चीतच बसले, दोन सूत मागे. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मग कळलं, हसतायत. मग परत रडतायत असं वाटलं. हे शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांचंही तेच सुरू झालं. पन्नाशी ओलांडलेले दोन घोडे! मी मात्र अजिबात रडले नाही. मी काउंटर पुसत होते. तेच काउंटर पाच वेळा पुसलं, एवढंच.

"बाबा!" खुंटी अचानक ओरडली. "म्हणजे तंबाखू नव्हतीच? मग मी बोलत होते तेव्हा सांगितलं का नाही?"

"टेप घेतला हे सांगण्यापेक्षा तंबाखू बरी वाटली," भावजी म्हणाले.

मग दोघांना एकदम खुर्च्यांची आठवण झाली. भावजी उठले. "पुढचे पाय दोन सूत कापून टाकू. दोघं लागलो तर दोन तासांत होईल."

"दादा, पुढचे तू कसे कापशील? मागचे मी कापलेत, चूक माझी आहे."

"चूक माझी आहे. मी न सांगता माप बदललं."

"तू थोरला आहेस म्हणून चूकही तूच घेणार का? वा!"

आणि खुर्ची कुणी कापायची यावरून दोघांनी तिचे दोन पाय दोन बाजूंनी धरले. पन्नाशी ओलांडली तरी तेच. एवढ्यात खुंटी मध्ये येऊन उभी राहिली. पाय रोवून.

"एका जरी पायाला करवत लागली ना, तर बघाच," ती म्हणाली. "तो बघा वायरमन. त्याला पाच ठिकाणी जायचंय. गेलाय का? बाबा, मला हेच हवं होतं. मला कागदावर काढता येत नव्हतं एवढंच."

तिने दोघांनाही परत खुर्चीत बसवलं आणि दोन कप कॉफी पुढे ठेवली. भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा कॉफी प्यायली. "कडू आहे," म्हणाले आणि दुसरा कप मागितला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. लोक आले, दारात घुटमळले नाहीत, बसले आणि उठायचं नाव घेईनात. आठवडा गेला नाही तोच खुंटी शेडमध्ये हजर. "अजून बारा हव्यात. अगदी तशाच."

"तशाच म्हणजे चुकीच्याच ना?" मी विचारलं.

"चुकीच्याच. पण मोजून."

मी शेडच्या माझ्या कोपऱ्यात पॉलिश कालवत होते. वर बघितलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फळी! जागेवर नव्हती. दोघे भाऊ तिला आडवी टाकून एकेका टोकाला बसले होते आणि तिच्यावर रंधा मारत होते. खुंटीच्या दुकानात कपांसाठी शेल्फ हवं होतं म्हणे. टायरवाला सकाळी येऊन गेला होता. भावजींनी त्याला सांगितलं, जागा कामाची आहे.

बारा खुर्च्यांचं लाकूड निघालं. भावजींनी खिशात हात घातला. मला वाटलं टेप काढतील, पण निघाली सासऱ्यांची घडीची पट्टी. उलगडली, टोकावरून अंगठा फिरवला आणि ह्यांच्यापुढे धरली.

"मागच्या पायांना ही घे," ते म्हणाले. "पुढचे मी टेपने कापतो. म्हणजे बरोबर दोन सूत मागे येतील."

हे बघतच राहिले. "बाबांची पट्टी? मी?"

"मग काय शेजाऱ्याला देऊ? धर."

ह्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. जन्मात पहिल्यांदा. डोळे घळाघळा वाहायला लागले. "भुसा गेला," हे म्हणाले.

"भुसाच असणार," भावजी म्हणाले आणि आपलेही डोळे पुसले. मग लगेच, "अरे, उलटी धरलीस!"

"मला कळतं कशी धरायची ते."

"कळत असतं तर उलटी धरली असतीस का?"

"दादा, आता माझ्या हातात आहे ना ती? मग मी बघतो!"

मी काचकागद खाली ठेवला आणि वाट बघितली. 'त्याला सांग' असं कुणी म्हणेना. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दोघांचा आवाज चढतच चालला, पण माझ्याकडे कुणी वळूनही बघेना. शेवटी मी हात पुसले, नमुन्यासाठी आणलेल्या खुर्चीत बसले, पाठ टेकली आणि ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.